पाणी साचलं ती जागा लिहून ठेवा

2025 च्या पावसानं परसबागांचं वेळापत्रक पार मोडून टाकलं. मोसमी पाऊस 24 मे रोजी केरळात आला आणि 26 मे रोजी मुंबईत पोचलासुद्धा. एरवी मुंबईत तो 11 जूनच्या सुमारास येतो. त्याआधीही मे महिन्यात अवकाळी सरी राज्यात ठिकठिकाणी पडतच होत्या. रोहिणी लागतात न लागतात तोच जमिनीचा वाफसा गेला. जमीन तापवणं, वाफे बांधणं, मांडव घालणं ही कामं ज्यांनी ‘मेअखेरीस बघू’ म्हणून ठेवली होती, त्यांना चिखलात रोपं लावावी लागली. पुढे सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापूर भागात अतिवृष्टी झाली, तेव्हा शेताबरोबर दारची भाजीही गेली.

गेलेलं पीक परत येत नाही. पण त्या पाण्यानं प्रत्येक परसातला उंचसखलपणा दाखवून दिला आहे आणि ती आठवण अजून ताजी आहे. कुठे पाणी दोन दिवस उभं राहिलं, कुठली मिरची आधी पिवळी पडली, कुठल्या कोपऱ्यातलं वांगं मात्र टिकलं, हे आत्ताच वहीत लिहून ठेवा. परसाचा साधा नकाशा काढा. हातानं काढलेला पुरे. विहीर, मोरी, झाडांची सावली आणि पाण्याचा उतार त्यात दाखवा. दोन महिन्यांनी उन्हात सगळी जमीन सारखीच दिसेल आणि कोणती जागा दगा देते ते कळणार नाही.

भाजी नीट आली नाही की बहुतेक घरांत एकच निदान ऐकू येतं: ‘खत कमी पडलं.’ माझं मत वेगळं आहे. परसबागेतलं बरंचसं नुकसान चुकलेल्या जागेमुळे आणि चुकलेल्या वेळेमुळे होतं, आणि ते खताच्या पाटीनं भरून निघत नाही. काळ्या भारी जमिनीत पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, मुळं कुजतात आणि झाड भर पावसात कोमेजतं. अशा झाडाला खत घातलं तरी ते घेणार कोण? तिथे हवा गादीवाफा: मीटरभर रुंद, वीतभर उंच, आणि दोन वाफ्यांमध्ये पाणी वाहून जाईल अशी चर. कोकणातल्या उताराच्या परसांची अडचण उलटी असते. तिथे पाणी साचत नाही, माती वाहून जाते. म्हणून वाफे उताराला आडवे घाला आणि माती पालापाचोळ्यानं झाकून ठेवा.

पुढच्या वर्षासाठी एक तारीख मनाशी पक्की करा: 15 मे. उन्हाळी मशागतीचं प्रत्येक काम त्याआधी संपलेलं असावं. पाऊस वेळेवर आला तर बिघडणार काहीच नाही. लवकर आला तर वाफे तयार असतील. यात जमीन तापवणं सगळ्यांत महत्त्वाचं, कारण त्याला कडक ऊन आणि चार ते सहा आठवडे लागतात. माती भुसभुशीत करून ओली करायची, वर 25 मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद ताणून अंथरायचा आणि कडा मातीत गाडायच्या. कागद काळा नको, पारदर्शकच हवा. त्यातून ऊन थेट मातीपर्यंत पोचतं. काम एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुरू झालं तरच 15 मे गाठता येईल. सगळं परस झाकायची गरज नाही. रोपवाटिकेचा वाफा आणि गेल्या खेपेला जिथे मर किंवा रोपं कोलमडण्याचा रोग दिसला तो तुकडा, एवढं पुरतं.

कोणता तुकडा निवडायचा हे समजायला आत्ताचे दिवस सोयीचे आहेत. जुनं टोमॅटो, वांगं, भेंडी उपटताना झाड सरळ उकिरड्यावर टाकू नका. मुळं झटकून बघा. मुळांवर वेड्यावाकड्या फुगलेल्या गाठी दिसल्या आणि त्या नखानं सुटत नसल्या, तर तिथे सूत्रकृमी आहेत. चवळी-घेवड्याच्या मुळांवरही गाठी असतात, पण त्या चटकन सुटतात आणि फोडल्या तर आत गुलाबी दिसतात. त्या नत्राच्या आहेत, चांगल्या आहेत; ती मुळं जमिनीतच राहू द्या. सूत्रकृमीची झाडं मात्र मुळांसकट काढून जाळा. त्या जागी पुढच्या हंगामात टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी यांपैकी काहीही नको, कारण ही सगळी त्यांची आवडती पिकं. झेंडू दाट लावा, अडीच-तीन महिने राहू द्या आणि मग तिथेच मातीत गाडा.

पिकांची फेरपालट करतो असं पुष्कळ जण सांगतात, पण टोमॅटोच्या जागी मिरची लावली तर ती फेरपालट होत नाही. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा ही एकाच कुळातली पिकं. त्यांचे बरेच रोग सामाईक आहेत. काकडी, दोडकं, कारलं, दुधी, भोपळा हे दुसरं कुळ. गुंठाभर परस असेल तर त्याचे चार भाग करा: एकात वांगी-टोमॅटो-मिरची, दुसऱ्यात शेंगावर्गीय, तिसऱ्यात भेंडी, चौथ्यात पालेभाज्या, मुळा, कांदा. दर वर्षी हे एकेक भाग पुढे सरकवा. वेलांना कुंपण आणि मांडव द्या, पण तेही दर वर्षी त्याच खड्ड्यात नकोत. वहीतल्या नकाशावर यंदा कुठे काय होतं ते लिहिलं असेल, तर पुढचं ठरवायला पाच मिनिटंही लागत नाहीत. न लिहिता हे कुणाच्याही लक्षात राहत नाही.

दुधी आणि दोडक्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ‘फुलं भरपूर, फळ धरत नाही’ ही तक्रार दर हंगामात येते. वेलाला नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या देठाशी चिमुकलं फळ असतं. सुरुवातीला नर फुलंच जास्त येतात, आणि कडक उन्हाळ्यातही त्यांचंच प्रमाण वाढतं. अशा वेळी घाबरून नत्र वाढवलं तर वेल नुसता पानांनी माजतो. मादी फूल येऊनही बोटभर फळ पिवळं पडून गळत असेल, तर बहुधा परागीभवन झालेलं नसतं. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात. कारलं, काकडी, भोपळ्याची सकाळी. सकाळी फिरून दुधीला मधमाशी शोधणाऱ्याला ती दिसणार कशी? दिवेलागणीला ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि आतला परागाचा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवा. फळमाशीचं लक्षण निराळं असतं. तिनं टोचलेल्या जागी डिंकासारखा थेंब येतो आणि फळ वाकडं होतं. तिच्यासाठी क्यू-ल्यूरचा सापळा फुलं लागताच टांगावा, आणि किडकी फळं वेलाखाली न टाकता खोल पुरावीत.

उन्हाळी वेल, भेंडी, गवार यांची लावण थंडी ओसरताच, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उरका. मार्चअखेरीस लावलेला वेल मेमध्ये ऐन भरात असतो, आणि अवकाळी पाऊस त्याला नेमका तेव्हाच गाठतो. ओल्या पानांवर केवडा पसरला की तोडणी संपलीच म्हणायची.

पावसाळ्यात मेथी-कोथिंबिरीसाठी जिवाचा आटापिटा करू नये, असं मी आग्रहानं सांगेन. श्रावणझडीत ती सडते. अळू, अंबाडी आणि उंच वाफ्यावरचा माठ तेव्हा छान येतात, आणि टाकळा, कुर्डू तर न लावताच उगवतात. मेथीचा खरा हंगाम थंडीचा. तेव्हाही सगळं बी एकदम न फेकता दर पंधरा दिवसांनी हातभर पट्टा पेरा, म्हणजे आठवडाभर मेथी आणि मग महिनाभर काहीच नाही, असं होत नाही.

खताबद्दल थोडक्यात. शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला. कच्च्या शेणाबरोबर हुमणी येते. पहिल्या पावसानंतर तिचे भुंगेरे तिन्हीसांजेला कडुनिंब-बाभळीवर जमतात. फांद्या हलवून ते खाली पाडा, गोळा करा आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. गावानं मिळून हे केलं तर अधिक गुण येतो.

आता बियाणं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 चा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला तो गावरान बियाणं जपण्यासाठी, आणि त्यांच्या संग्रहात वालाचेच कितीतरी प्रकार आहेत. त्यांच्या कामातून घ्यावी अशी गोष्ट म्हणजे निवड. बी धरायचं झाड हंगामाच्या ऐन भरात निवडा, त्याला रंगीत चिंधी बांधा आणि त्याची पहिली निरोगी फळं खाण्यासाठी तोडू नका. बहुतेक घरांत चांगलं चांगलं खाल्लं जातं आणि शेवटी उरलेल्या खुरट्या शेंगांचं बी धरलं जातं. वाण तिथेच उतरतो. वाल, घेवडा, टोमॅटो यांचं बी घरी धरणं सोपं, कारण त्यांच्यात परपरागीभवन कमी असतं. संकरित वाणाचं बी मात्र धरू नका, पुढच्या पिढीत त्याचे गुण टिकत नाहीत. टोमॅटोचा गर बियांसकट एक-दोन दिवस आंबवा, धुवा आणि सावलीत वाळवा. वाल-घेवड्याला चाळलेली राख चोळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि डब्यावर वाणाचं नाव व वर्ष लिहा.

मागच्या वर्षांचं बी डब्यात असेल तर ते पेरण्याआधी एप्रिलमध्ये तपासा. कांद्याचं बी वर्षभरात कमजोर होतं, ते दर वर्षी नवंच घ्यावं. भोपळा-काकडीचं नीट ठेवलेलं बी चार वर्षंही चालतं. दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवा, फडकं वाळू देऊ नका. आठवड्यानंतर आठ उगवल्या असतील तर नेहमीप्रमाणे पेरा; पाच उगवल्या तर दुप्पट टाका; त्याहून कमी असतील तर मृगाची वाट न बघता शेजारणीकडून, बचत गटाकडून किंवा कृषी विज्ञान केंद्रातून नवं बी मागून आणा.