घरची उबवणपेटी आणि पिलांचे पहिले चार आठवडे

परसातील कोंबडी खुडूक झाली की टोपलीत भुसा पसरून तिला दहा-बारा अंड्यांवर बसविण्याची रीत आपल्या खेड्यांत पूर्वापार चालत आली आहे. एकवीस दिवस ही कोंबडी अंडी उबविते, दिवसातून अनेकदा ती उलथीपालथी करते, आणि पिले बाहेर आल्यावर पुढे महिनाभराहून अधिक काळ त्यांना पंखांखाली घेऊन हिंडते. या सर्व काळात ती अंडी घालीत नाही, हा या पद्धतीतील तोटा होय. शिवाय दहा-बारांहून फारशी अधिक अंडी तिच्या अंगाखाली मावत नाहीत. म्हणूनच पन्नास-शंभर अंड्यांची, विजेवर चालणारी लहान उबवणपेटी महिला बचत गटांना व परसातील कुक्कुटपालकांना सोयीची वाटते.

तथापि पेटी घेतली म्हणजे कोंबडीचे सारे काम यंत्राकडे गेले, ही समजूत बरोबर नाही. कोंबडी दोन कामे करते : अंडी उबविणे आणि पिले सांभाळणे. पेटी त्यांपैकी पहिलेच काम करते. दुसऱ्यासाठी ब्रूडर, म्हणजे पिलांना कृत्रिम ऊब देणारी बंदिस्त जागा लागते. ती तयार नसताना निघालेली पिले पहिल्या पंधरवड्यातच दगावतात आणि पेटी माळ्यावर जाते. दोष मात्र पेटीला दिला जातो. यास्तव ज्या घरी ब्रूडरची व्यवस्था झालेली नाही, त्या घरी पेटीत अंडी ठेवू नयेत, हा पहिला नियम मानावा.

अंडी कोणती घ्यावीत

आठ-दहा कोंबड्यांमागे एक निरोगी कोंबडा असलेल्या कळपातील अंडीच फलित असण्याची खात्री असते. बाजारातील पांढरी अंडी बहुधा कोंबड्याविना पाळलेल्या कोंबड्यांची असतात. ती पेटीत ठेवणे व्यर्थ होय. पुणे, कोल्हापूर, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत. सुधारित जातीची अंडी हवी असल्यास तेथे चौकशी करावी. तडा गेलेली, फार लहान, फार लांबट वा खडबडीत कवचाची अंडी वगळावीत. मळकी अंडी धुऊ नयेत. ओल्या कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून जंतू आत शिरतात. थोडा मळ कोरड्या फडक्याने पुसावा.

अंडी साठविताना रुंद टोक वर ठेवावे आणि सात दिवसांहून अधिक काळ ती ठेवू नयेत. उन्हाळ्यात ही मुदत तीन-चार दिवसांवर आणावी, कारण तापमान विशीच्या बरेच वर गेले की अंड्यातील जीव अर्धवट वाढू लागतो आणि पेटीत जाण्यापूर्वीच दुबळा होतो. ओल्या वाळूत अर्धे पुरलेले मातीचे मडके हे अशा वेळी उत्तम शीतगृह ठरते.

ऊब, ओलावा आणि हालचाल

पंखा असलेल्या पेटीत ३७.५ अंश सेल्सियस तापमान राखावे. पंखा नसलेल्या पेटीत वरची हवा अधिक तापते, म्हणून तेथे अंड्यांच्या माथ्याच्या पातळीवर सुमारे ३८.५ अंश दिसावेत. पेटीच्या तापमापकावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. कोमट पाण्यात तो आणि घरातील ताप पाहण्याचा थर्मामीटर एकत्र बुडवून दोहोंचे आकडे जुळतात काय, हे अंडी ठेवण्यापूर्वी पाहून घ्यावे. अर्ध्या-एक अंशाचा फरकही येथे महाग पडतो. ऊब कमी पडली तर पिले उशिरा व अशक्त निघतात. ती वाढली तर मात्र भ्रूण लवकर मरतात. थंडीपेक्षा उष्णतेचे भय अधिक, हे ध्यानात असावे.

वीज गेल्यावर गोंधळून झाकण उघडण्याचे कारण नाही. हवेची भोके मोकळी ठेवून पेटीवर घोंगडे पांघरावे. भरलेल्या पेटीतील अंडी काही तास ऊब धरून राहतात. मात्र विदर्भात मे महिन्यात, जेथे खोलीचेच तापमान चाळिशी गाठते, तेथे घोंगडे घालणे म्हणजे अंडी शिजविणे होय. तेथे पेटी घरातील सर्वांत गार, मातीच्या भिंतींच्या खोलीत हलवावी. खरे पाहता ऐन उन्हाळ्यात खेप लावूच नये. माघ-फाल्गुनाचे दिवस यासाठी पुष्कळ बरे.

आर्द्रतेविषयी एकच प्रमाण साऱ्या राज्याला लागू करून चालत नाही. पहिले अठरा दिवस ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के आर्द्रता पेटीत असावी, हे खरे. पण श्रावणात रत्नागिरीच्या पेटीत पहिल्या अठरा दिवसांत पाणी ठेवण्याची गरज बहुधा पडत नाही, तर फाल्गुनात बीडला भांडे रोज भरावे लागते. खात्रीचा पंच म्हणजे अंड्याच्या रुंद टोकाकडील हवेची पोकळी. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन सुमारे १२ ते १४ टक्के घटावे लागते, आणि तेवढ्या प्रमाणात ही पोकळी वाढते. ती लहान राहिली तर पिलू आत गुदमरते. फार मोठी झाली तर आतले पापुद्रे सुकून पिलाला चिकटतात.

अठरा दिवसांपर्यंत अंडी रोज निदान तीन, शक्य तर पाच वेळा फिरवावीत. अंड्याच्या एका बाजूस फुली व दुसऱ्या बाजूस गोल शिसपेन्सिलीने काढावा, म्हणजे कोणते अंडे फिरवायचे राहिले ते चटकन कळते. फिरविण्याचे प्रमाण विषम ठेवले तर लांबलचक रात्र दरवेळी एकाच कुशीवर जात नाही. न फिरविलेल्या अंड्यातील भ्रूण कवचाच्या आतील पापुद्र्यास चिकटून मरतो.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत विजेरीच्या झोतावर अंडी धरून पाहावीत. लालसर शिरांचे कोळ्यासारखे जाळे दिसले तर अंडे जिवंत आहे. संपूर्ण स्वच्छ दिसले तर ते अफलित. नुसते रक्ताचे कडे दिसले तर जीव सुरू होऊन गेला. अशी अंडी काढून टाकावीत. शिक्षक बंधुभगिनींनी हा प्रसंग विद्यार्थ्यांना अवश्य दाखवावा. भ्रूणविकासाचे फळ्यावरचे चित्र त्याची बरोबरी करू शकत नाही.

शेवटचे तीन दिवस

अठराव्या दिवसानंतर अंडी फिरविणे बंद करावे, पाणी वाढवावे आणि झाकणास हात लावू नये. हे सांगणे सोपे आहे. प्रस्तुत लेखकाने पहिल्याच खेपेस हा नियम मोडला. रात्री एका अंड्यास चोचीचे छिद्र पडले होते, सकाळपर्यंत पुढे काहीच हालले नाही, म्हणून दया येऊन कवच सोलून काढले. रक्त आले आणि पिलू तासाभरात गेले. झाकण वारंवार उघडल्याने आतील ओलावा निघून गेला होता. इतर अंड्यांतील पापुद्रे कागदासारखे सुकले आणि अकरा पिले कवचातच अडकून मेली. छिद्र पडल्यानंतर बाहेर येण्यास पिलाला बारा ते चोवीस तास लागणे स्वाभाविक असते. या अवधीत ते शिरांतील रक्त व पोटाबाहेरील बलक शरीरात ओढून घेत असते.

तोच बलक त्याची शिदोरी असतो. त्यावर पिलू दोन दिवस तरी अन्नपाण्याविना काढू शकते. म्हणून आधी निघालेली ओली पिले घाईने बाहेर काढू नयेत. अंग सुकून पिसे फुलल्यावर ती एकत्रच हलवावीत. मात्र पहिले पिलू निघाल्यापासून चोवीस तासांपलीकडे त्यांना पेटीत ठेवू नये. बांबूच्या टोपलीत मऊ फडके घालून, वाऱ्यापासून झाकून ती थेट ब्रूडरमध्ये न्यावीत.

ब्रूडर

ब्रूडर आदल्या दिवसापासूनच तापवून ठेवलेला असावा. पत्र्याच्या वा जाड पुठ्ठ्याच्या दीड फूट उंचीच्या पट्टीचे गोल कडे करावे. चौकोनी खोक्याच्या कोपऱ्यात पिले एकमेकांवर चढून गुदमरतात. खाली दोन इंच भाताचे तूस पसरावे. पहिले तीन-चार दिवस त्यावर खडबडीत कागद घालावा. गुळगुळीत वर्तमानपत्र नको. त्यावर पाय घसरून पिले फेंगडी होतात. शंभर पिलांना शंभर वॅटचे दोन दिवे लागतात. येथे अलीकडे एक नवी चूक होऊ लागली आहे. घरोघरी आता एलईडी दिवे असतात. ते प्रकाश उत्तम देतात, ऊब जवळजवळ देत नाहीत. ब्रूडरसाठी तारेचा जुना दिवा किंवा उष्णतेचा खास दिवाच हवा.

पहिल्या आठवड्यात पिलांच्या पातळीवर ३५ अंश तापमान असावे व दर आठवड्यास तीनेक अंशांनी ते उतरवावे. तथापि तापमापकाहून पिलांची मांडणी अधिक बोलकी असते. दिव्याखाली दाटीवाटी करून ती चिवचिवत असतील, तर त्यांना थंडी वाजते आहे. दिवा खाली घ्यावा. कड्याला चिकटून चोची उघड्या ठेवीत असतील, तर दिवा वर घ्यावा. साऱ्यांनी एकच बाजू धरली, तर दुसऱ्या बाजूने वारा येतो आहे. सर्वत्र पसरून काही खात, काही झोपत असतील, तर सारे ठीक.

आधी पाणी, मग खाद्य हा क्रम ठेवावा. कोमट पाण्यात थोडा गूळ विरघळवून प्रत्येक पिलाची चोच एकदा त्यात बुडवावी, म्हणजे पाणी कोठे आहे हे त्याला कळते. उथळ भांड्यात गारगोट्या घालाव्यात, नाहीतर पिले भिजतात वा बुडतात. काही तासांनंतर कागदावर भरडलेला मका टाकावा व दुसऱ्या दिवसापासून सुमारे २० टक्के प्रथिने असलेले पिलांचे खाद्य द्यावे. रात्री वीज गेल्यास गरम पाण्याची तोंडबंद मडकी पोत्यात गुंडाळून कड्यात ठेवावीत. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नये. तिचा धूर पिलांना मारतो आणि माणसांनाही. तूस ओले होताच बदलावे, कारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसणारी रक्ती हगवण ओल्या तुसातूनच वाढते.

लसीचा प्रश्न मात्र एकट्या घराला सुटत नाही, आणि येथे पंचायत सदस्यांचे काम सुरू होते. मानमोडी रोगावरील लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात वा नाकपुडीत थेंबाने द्यावी लागते, गंबोरोची चौदाव्या दिवसाच्या सुमारास, आणि चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा. लसीची कुपी शंभर वा त्याहून अधिक पिलांची असते. बर्फात ठेवावी लागते आणि विरघळविल्यावर साधारण दोन तासांत संपवावी लागते. वीस पिलांसाठी ती कोण आणणार? म्हणून ज्याच्या त्याच्या सवडीने अंडी ठेवली गेली, तर गावातील पिले लसीविनाच राहतात. एकवीस दिवस म्हणजे पुरते तीन आठवडे. ज्या वारी अंडी ठेवली, त्याच वारी पिले निघतात. गावातील सर्व पेट्या एकाच वारी भरण्याचे ठरले, तर लसीचा दिवस महिनाभर आधी सांगता येतो, आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून एकच कुपी आणून सकाळच्या गारव्यात दहा घरांची पिले उरकता येतात.

चौथ्या आठवड्याअखेर पिसे भरली की दिवसा दिवा बंद करावा, आठवडाभर रात्रीचाच ठेवावा, आणि त्यानंतर कोवळ्या उन्हात, घारीवर नजर ठेवून पिले अंगणात सोडावीत.