'वडिलोपार्जित' : एका प्रतिशब्दाची मर्यादा

इंग्रजीतील 'अॅन्सेस्ट्रल प्रॉपर्टी' या संज्ञेसाठी मराठीत 'वडिलोपार्जित मालमत्ता' हा प्रतिशब्द रूढ आहे. परंतु पित्याने स्वतःच्या मिळकतीतून बांधलेल्या घरालाही आपण सर्रास हेच विशेषण लावतो. हा प्रयोग कितपत ग्राह्य मानावा, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

घोटाळ्याचे मूळ 'वडील' या पदात आहे. आज त्याचा अर्थ 'पिता' इतका संकोचला असला, तरी 'वडील बंधू', 'वाडवडील' यांत ज्येष्ठत्वाचा व्यापक अर्थ टिकून आहे. उपर्युक्त संज्ञेला तोच अभिप्रेत होय. तंजावरच्या तमिळ दस्तऐवजी भाषेतही हीच द्व्यर्थता दिसते. तेथील 'पितुरार्जितम्' या शब्दातील 'पितृ' म्हणजे बाप आणि, अनेकवचनी, पूर्वजही. त्याच्या विरोधी 'सुयार्जितम्', म्हणजे आपले 'स्वकष्टार्जित'. 'पूर्वीक सोत्तु' हा तमिळ प्रयोग मात्र असंदिग्ध आहे.

शब्दापुरते एक स्थानिक उदाहरण घेऊ. दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्याकडे पूर्वीच्या राजांचा ग्रंथसंग्रह आला. त्यात त्यांनी स्वतः मिळविलेल्या हस्तलिखितांची व युरोपीय ग्रंथांची मोठी भर घातली. सरस्वती महालातील पहिला भाग सरफोजींच्या दृष्टीने वडिलोपार्जित, दुसरा स्वार्जित. तात्पर्य, हे विशेषण वस्तूचे नव्हे, तर वस्तू व धारक यांच्या संबंधाचे वर्णन करते.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. मिताक्षरेनुसार वाडवडिलांकडून आलेल्या मालमत्तेत पुत्राला जन्मतः हक्क असे. पित्याच्या स्वकष्टार्जितात तो नसे. तमिळनाडूत १९८९ पासून, महाराष्ट्रात १९९४ पासून आणि पुढे २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने असा जन्मसिद्ध हक्क कन्येलाही लाभला. उलट, १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या आठव्या कलमान्वये पित्याची स्वार्जित मालमत्ता मुलाकडे आली, तर ती त्याची वैयक्तिक ठरते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये दिला. म्हणजे एक विशेषण चुकले की मृत्युपत्र करण्याचा पित्याचा अधिकार किंवा मुलीचा वाटा, यांपैकी एकाचा अर्थ बदलतो.

म्हणून कथा-कादंबरीत 'वडिलोपार्जित' सैलपणे योजला तरी चालेल. दस्तऐवजाच्या भाषांतरात मात्र 'पूर्वजांकडून आलेली' आणि 'पित्याची स्वकष्टार्जित' असे दोन स्वतंत्र प्रयोगच करावेत.