परिषद परदेशात, तयारी घरात

आपल्या वस्त्यांतल्या मुलामुलींना आता परदेशातल्या परिषदांची बोलावणी येऊ लागली आहेत. शोधनिबंध स्वीकारल्याचा मेल येतो आणि घरात धावपळ सुरू होते. पासपोर्ट, व्हिसा, तिकिटाचे पैसे, उसने स्वेटर. या यादीत तब्येतीचा नंबर बहुधा शेवटचा लागतो. आम्ही आरोग्याचे काम करणाऱ्या सांगतो, तो पहिला लावा. परिषद तीन-चार दिवसांची. त्यातले दोन दिवस अंगदुखीत आणि तापात गेले, तर ज्या वीस मिनिटांच्या मांडणीसाठी एवढा खटाटोप केला तीच हातची जाते. हा लेख जाणाऱ्याने वाचावा आणि त्याची बॅग भरणाऱ्या घरच्यांनीही.

दोन महिने आधी

दाढ दुखत असेल तर आताच दाखवा. परदेशात दातांचा खर्च फार येतो आणि अनेक विमा योजना तो देत नाहीत. बीपी, शुगर, दमा, थायरॉइड यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना भेटून प्रवासाची तारीख सांगा.

परिषद केनिया, घाना, ब्राझील अशा देशात असेल तर पिवळ्या तापाची लस घ्यावी लागते. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते. दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो आणि मग आयुष्यभर चालतो. तो नसेल तर परत येताना भारतातच सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवू शकतात. ही लस जिवंत विषाणूची असते. म्हणून गर्भवती, साठीच्या पुढचे आणि सिकलसेलचे औषध घेणारे यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. आफ्रिकेत जाताना मलेरियाच्या गोळ्यांचेही विचारून घ्या.

सिकलसेल: हे आधी तपासा

विदर्भातल्या आपल्या समाजात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आढळतो. तरीही पदवी झाली, नोकरी लागली, पण स्वतःची तपासणी झालेली नाही, अशी कितीतरी माणसे आम्हाला भेटतात. विमानात बसण्याआधी ती करून घ्या. सरकारी दवाखान्यात साधी सोल्युबिलिटी चाचणी होते. ती सकारात्मक आली तर इलेक्ट्रोफोरेसिसने नक्की कळते, की माणूस वाहक आहे की रुग्ण.

हा फरक महत्त्वाचा आहे. वाहकाला साध्या विमानप्रवासाने सहसा काही होत नाही. रुग्णाची गोष्ट वेगळी. उडत्या विमानातली हवा साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावी तेवढी विरळ असते. आपले कळसूबाई ५,४०० फूट आहे. म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखरापेक्षाही वर तासन् तास बसल्यासारखे होते. प्राणवायू कमी, हवा कोरडी, वर गारठा. या तिन्हींमुळे रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात.

याचा अर्थ रुग्णाने जाऊ नये असा नाही. तयारीने जावे. डॉक्टरांची परवानगी घ्यावी. नुकताच वेदनेचा झटका येऊन गेला असेल तर त्यांना तेही सांगावे. विमानात प्राणवायू लागेल असे डॉक्टर म्हणाले, तर तिकीट काढतानाच कंपनीला कळवावे. ऐन वेळी तो मिळत नाही. हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिड चालू असेल तर एकही दिवस चुकवू नये.

विमा

युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. अमेरिकेच्या पर्यटक-व्यवसाय व्हिसासाठी सक्ती नाही, म्हणून लोक तो टाळतात. पण तिथे दवाखान्यातली एक रात्रही घर बुडवू शकते. विमा घेताना जुने आजार लपवू नका. लपवलेला आजार निघाला तर दावा नाकारतात. ‘आधीपासूनच्या आजारासाठी किती रक्कम मिळेल?’ हा प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या. आयोजक विमा देतात का, तेही त्यांना मेलवर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

औषधांची पिशवी

औषधे हातातल्या बॅगेत ठेवा. मोठी बॅग हरवू शकते. इन्सुलिन तर खालच्या सामानात ठेवूच नका, तिथे ते गोठून निकामी होऊ शकते. मुक्कामापेक्षा आठवडाभर जास्तीची औषधे घ्या. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, पुडीत बांधू नका. सोबत डॉक्टरांचे इंग्रजीत टाइप केलेले पत्र हवे: आजार, औषधाचे मूळ नाव, मात्रा, सही, शिक्का. पत्रावरचे नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळले पाहिजे.

वेदनाशामकांबाबत विशेष सावध राहा. ट्रॅमाडॉल, कोडीन ही औषधे संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित आहेत. परवानगीशिवाय ती जवळ सापडली तर अटक होऊ शकते. विमान दुबई-अबुधाबीला बदलत असेल तर तिथलाही नियम आधी पाहा. शेजाऱ्याने ‘तिकडच्या भाच्याला दे’ म्हणून दिलेली औषधे नेऊ नका.

विमानात

तासाला थोडे थोडे पाणी प्या. दारू टाळा. चार तासांपेक्षा जास्त बसून राहिल्यास पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. दर तासा-दोन तासांनी उठून चाला. बसल्या बसल्या टाचा वर-खाली करा. गर्भवती, संततिनियमनाच्या गोळ्या घेणाऱ्या, नुकते ऑपरेशन झालेले आणि सिकलसेलचे रुग्ण यांनी हे कटाक्षाने पाळावे. मोजे आणि शाल हाताशी ठेवा. पाळीची तारीख जवळ असेल तर पॅड हातातल्या बॅगेत ठेवा. लाजून पाणी कमी पिऊ नका.

पोचल्यावर

शक्य असेल तर मांडणीच्या आधी दीड-दोन दिवस पोचा. भारतात रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला उन्हाळ्यात दुपारचे बारा असतात. पहिले काही दिवस दुपारी-संध्याकाळी डोळे मिटतील आणि पहाटे तीनला जाग येईल. पोचल्यापासून तिथल्या घड्याळाने जेवा-झोपा आणि दिवसा उजेडात फिरा. इन्सुलिनच्या वेळा मात्र मनाने बदलू नका, डॉक्टरांकडून आधीच लिहून आणा.

सभागृहे थंडगार असतात. अंगावर एक थर जास्त घाला. नुसत्या चहा-बिस्किटांवर दिवस काढू नका. घरून चिवडा, भाजलेले शेंगदाणे, कोरडी चटणी न्या. युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे, म्हणून मायेने दिलेले खव्याचे पदार्थ घरीच राहू द्या. सुकट-बोंबीलही नको, हॉटेलची खोली दोन दिवस वास सोडणार नाही!

अंगात १०१ अंश ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, एकाच पायाला सूज, अर्ध्या अंगाची ताकद जाणे, नेहमीच्या गोळीने न थांबणारी वेदना: यातले काहीही झाले तर सत्र संपायची वाट पाहू नका. युरोपात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिकेत ९११ फिरवा. ‘मला सिकलसेल आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा. तिकडच्या डॉक्टरला तुमच्याकडे पाहून ते सुचेलच असे नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री

घरच्यांनी या पाच गोष्टी मोजून घ्याव्यात:
१. औषधे आणि डॉक्टरांचे पत्र, हातातल्या बॅगेत.
२. विम्याचा कागद. त्यावरचा चोवीस तासांचा फोन नंबर वहीत लिहिलेला.
३. रक्तगट, आजार, ॲलर्जी लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी पासपोर्टसोबत.
४. या सर्व कागदांची एक प्रत घरी.
५. रोज कोणत्या वेळी ‘बरी आहे’ किंवा ‘बरा आहे’ एवढा मेसेज यायचा, ते ठरलेले. तो आला नाही तर फोन कोणाला करायचा, तो नंबरही.

पाचवी गोष्ट बहुतेक घरांत राहून जाते. फोन न लागल्याने आई रात्रभर जागी राहते, आणि खरेच काही झाले असेल तर कोणाला विचारायचे तेही कळत नाही. दोन मिनिटे काढा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर ते नंबर लिहा, मग बॅगेची चेन लावा.