गेम गेला, ठोकळे राहिले : लेगोच्या स्टार्टर सेटचा खरा हिशेब

गणपतीला मुंबईहून आलेल्या चाकरमान्याच्या, नाहीतर आखातातून सुटीवर आलेल्या काकाच्या बॅगेतून रत्नागिरीत बरीच खेळणी येतात. त्यातलं एक ठरलेल्या वेळी माळ्यावर जातं. ते म्हणजे व्हिडिओ गेमसोबत मिळालेला लेगोचा स्टार्टर सेट. कन्सोल बिघडलेला असतो, भावाने विकलेला असतो किंवा आपल्या घरी कधी नव्हताच. मग असा सेट ठेवायचा की द्यायचा, कोणी विकत असेल तर किती पैसे मोजायचे, आणि घरातलाच असेल तर तो पुन्हा खेळात आणायला काय खर्च येतो, हे प्रश्न पडतात.

आधी एक गोष्ट पक्की करून टाकू. अशा सेटमधले ठोकळे साधेच असतात. लेगोच्या ठोकळ्याचं आजचं रूप जानेवारी 1958 मध्ये डेन्मार्कमध्ये पेटंटसाठी नोंदवलं गेलं, आणि तेव्हापासून मापं तीच आहेत. वरचे गोल उंचवटे एकमेकांपासून 8 मिलिमीटरवर, ठोकळ्याची उंची 9.6 मिलिमीटर आणि चपट्या तुकड्याची बरोबर तिसरा हिस्सा, म्हणजे 3.2. आपल्याकडे जांभ्याचा चिरा बसवताना गवंड्याला प्रत्येक वेळी थोडं तासावं लागतं, इथे ती भानगड नाही. गेमच्या खोक्यातला तुकडा पोलीस स्टेशनच्या सेटमध्ये बसतो, पोलीस स्टेशनचा गेममध्ये. पैसे वेगळ्याच भागाचे घेतलेले असतात.

गेमशी कोण बोलतं?

‘लेगो डायमेन्शन्स’ घ्या. हा 2015 चा गेम. स्टार्टर पॅकमध्ये गेमची डिस्क, यूएसबी वायरचा एक पॅड, बॅटमॅन, गँडाल्फ आणि वाइल्डस्टाइल या तीन बाहुल्या, बॅटमोबील आणि एक मोठी कमान. सगळे मिळून 269 तुकडे. बाहुली पॅडवर ठेवली की ती पडद्यावर येते. पण पॅड बाहुलीला ओळखत नाही, तिच्या पायाखालच्या गोल चकतीला ओळखतो. चकतीत एनएफसीची चिप आहे, मेट्रोच्या कार्डात असते तशा जातीची. चकतीवर बॅटमॅनऐवजी खडूचा तुकडा उभा केलात तरी पडद्यावर बॅटमॅनच येणार. कमान तर निव्वळ शोभेची. ती पॅडवरून काढून सुटी केली तरी गेम चालतो. मुलं हे मोठ्यांच्या आधी शोधून काढतात, तो भाग वेगळा.

‘लेगो सुपर मारिओ’चं गणित उलटं आहे. ऑगस्ट 2020 मध्ये आलेल्या पहिल्या स्टार्टर कोर्समध्ये 231 तुकडे होते आणि त्याला कन्सोल लागत नाही. मारिओची बाहुलीच यंत्र आहे. तिच्या तळाशी असलेलं सेन्सर बारकोड वाचतं आणि रंगही ओळखतं. लाल म्हणजे लाव्हा, निळा म्हणजे पाणी, हिरवा म्हणजे गवत, पिवळा म्हणजे वाळू. त्यामुळे घरातला कुठलाही जुना लाल ठोकळा तिच्या पायाखाली ठेवला की लाव्हा तयार. इथे जुने तुकडे गेममध्ये जाऊ शकतात, डायमेन्शन्समध्ये गेममधले तुकडे फक्त बाहेर येऊ शकतात. सेट घरात असेल तर आधी तो या दोघांपैकी कुठला ते बघा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे.

नवा घ्यायचा असेल तर

फक्त ठोकळे हवे असतील तर गेमचा स्टार्टर सेट नवा घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन. अमेरिकेतल्या छापील किमती शेजारी ठेवून बघा. मारिओचा पहिला स्टार्टर 59.99 डॉलरचा, तुकडे 231. लेगो क्लासिकचा मोठा पिवळा डबा, तोही 59.99 डॉलरचा, तुकडे 790. पैसे तेवढेच, ठोकळे साडेतीन पटींच्या जवळ. डायमेन्शन्सचा स्टार्टर 99.99 डॉलरला होता, म्हणजे एका तुकड्याला सुमारे 37 सेंट पडले. क्लासिकमध्ये तोच तुकडा साडेसात सेंटच्या आसपास पडतो. मधला फरक पॅड, चिप, डिस्क आणि सिनेमावाल्यांच्या हक्कांचा. गेम खेळणार असाल तर तो फरक देणं योग्य आहे. खेळणार नसाल तर तुम्ही माळ्याच्या भाड्याचे पैसे देताय.

भारतात किंमत आणखी चढते, कारण खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झालं आणि 2023 मध्ये 70. जीएसटीत मात्र सप्टेंबर 2025 पासून बिगर-इलेक्ट्रॉनिक खेळणी 12 वरून 5 टक्क्यांत आली. म्हणून साधे ठोकळे आणि चिप-बॅटरीवाला सेट यांतली दरी इथे वाढलेलीच दिसेल. नातेवाईक परदेशातून ‘कुरियरने भेट पाठवतो’ म्हणाले तर त्यांना थांबवा. पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तूंना असलेली शुल्कमाफी डिसेंबर 2019 मध्येच गेली. येताना स्वतःच्या सामानात आणलेलं बरं पडतं.

जुना कोणी विकत असेल तर

पहिला प्रश्न विचारायचा तो तुकड्यांबद्दल नाही, ‘चकत्या आणि पॅड आहेत का?’ हा. आहेत म्हणाले तर पॅड कुठल्या कन्सोलचा ते विचारा. प्लेस्टेशन 3, प्लेस्टेशन 4 आणि वी यू यांचे पॅड एकमेकांना चालतात. एक्सबॉक्स 360 आणि एक्सबॉक्स वन यांचे मात्र आपापलेच. पॅडच्या पोटावर लिहिलेलं असतं, तो फोटो मागवा. हा गेम ऑक्टोबर 2017 मध्ये बंद झाला. कंपनीकडून नवा पॅड मिळण्याची आशा नको.

चकत्या किंवा पॅड नसतील तर सौदा फक्त ठोकळ्यांचा समजा, आणि भाव असा काढा. नव्या क्लासिक डब्याची त्या दिवसाची किंमत भागिले त्यातले तुकडे. समजा 484 तुकड्यांचा डबा 2,800 रुपयांना मिळतोय. तुकडा पावणेसहा रुपयांना पडला. वापरलेल्याला निम्मा धरा, म्हणजे तीन रुपयांच्या आत. डायमेन्शन्सचे सगळे 269 तुकडे असतील तर आठशे रुपये झाले, आणि हा माझ्या लेखी वरचा भाव आहे, कारण त्यातले पुष्कळ तुकडे नखाएवढे असतात. बाहुल्या शाबूत असतील, गँडाल्फची टोपी आणि काठी जागेवर असेल, तर थोडे वर द्यायला हरकत नाही. विकणारा ‘कलेक्टर आयटम आहे’ म्हणाला तर कलेक्टरलाच विकू दे.

मोजायला वेळ नसेल तर वजन करा. दोन बाय चारचा एक ठोकळा सव्वादोन ग्रॅमच्या किंचित वर भरतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पिशवी ठेवली की ‘हजार तुकडे आहेत’ या थापेची पारख होते. अर्धा किलोच्या पिशवीत मोठे ठोकळे असतील तर ते दोनशेच्या आसपासच निघतील.

खरा तुकडा ओळखायला भिंग लागत नाही. लेगोच्या प्रत्येक गोल उंचवट्यावर कंपनीचं नाव बारीक उठावात असतं. उजेडात तिरका धरून अंगठ्याचं नख फिरवा, कळतं. नाव नसलेले सगळे बोगसच असतात असंही नाही. पेटंट संपल्यावर ठोकळ्याच्या आकारावर कायमची मक्तेदारी मागणारी लेगोची बाजू कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये आणि युरोपीय न्यायालयाने 2010 मध्ये नाकारली. त्यामुळे जुळणारे ठोकळे दुसऱ्या नावाने विकणं रीतसर आहे. त्यांचा भाव मात्र वेगळा धरा, आणि पिशवीत दोन्ही मिसळलेले असतील तर पकड सैल-घट्ट होणार हे गृहीत धरा. लेगोचं नाव लावून नकली माल विकणं ही फसवणूक.

डायमेन्शन्सच्या ‘सगळ्या पात्रांच्या’ म्हणून गोल स्टिकर किंवा कार्डं ऑनलाइन दिसतात. ती कोणी तरी लिहिलेल्या कोऱ्या चिपा असतात. त्यांत ठोकळा एकही नाही, आणि चालल्या नाहीत तर दाद मागायला विक्रेता सापडत नाही.

माळ्यावरून टेबलावर

आता घरातल्या सेटचा खर्च. रत्नागिरीच्या हवेत माळ्यावर चार पावसाळे काढलेल्या सेटला मळ, बुरशी आणि गंज अशा तीन गोष्टी होतात. पैकी ठोकळ्यांना पहिल्या दोनच. त्यांचं प्लॅस्टिक एबीएस, ते खाऱ्या हवेला भीक घालत नाही.

चकत्या, पॅड, मारिओची बाहुली आणि स्टिकर चिकटवलेले तुकडे आधी बाजूला काढा. ते ओल्या फडक्याने पुसायचे, बास. बाकीचे कपडे धुवायच्या जाळीच्या पिशवीत घालून कोमट पाण्यात, भांड्यांच्या साबणाच्या चमचाभर द्रवात तासभर ठेवा. पाणी 40 अंशांच्या वर नको, कंपनीही तेच सांगते. हाताला सोसवेल इतकं कोमट म्हणजे बरोबर. मऊ टूथब्रशने खालची पोकळी घासा, कचरा तिथे बसतो. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटचं खळबळणं पिण्याच्या पाण्याने करा, नाहीतर काळ्या तुकड्यांवर पांढरे ओघळ राहतात. मग पंच्यावर पालथे पसरून पंख्याखाली. जुलैत दोन दिवस लागतील, मे महिन्यात एक रात्र. हेअर ड्रायर नको, गाडीच्या डॅशबोर्डवर वाळवणं तर मुळीच नको. डागाला नेलपॉलिश रिमूव्हर लावलात तर डाग जाईल आणि तुकडाही. त्यातलं ॲसिटोन एबीएस विरघळवतं.

पांढरे-राखाडी तुकडे पिवळे पडले असतील तर मेडिकलमध्ये मिळणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून काही तास उन्हात ठेवल्यावर बराच फरक पडतो. हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा. पण हा खर्च बॅटमॅनच्या गाडीसाठी करू नका, ती काळीच आहे.

खर्च साधारण असा. जाळीची पिशवी शंभरच्या आसपास, पेरॉक्साइडच्या दोन-तीन बाटल्या मिळून शंभर, कप्प्यांचा प्लॅस्टिकचा डबा दीडशे ते अडीचशे. मारिओ असेल तर ट्रिपल-ए आकाराचे दोन सेल, चांगले घेतले तर पन्नास-साठ. हे रामआळीपासून मारुती मंदिरापर्यंत कुठेही मिळेल, ऑनलाइन मागवण्यासारखं यात काही नाही. चार-पाचशेत सेट उभा राहतो. मारिओचे सेल मेच्या शेवटी काढून ठेवा. पावसाळ्यात सेल पाझरला की आतल्या पट्ट्या हिरव्या होतात, आणि बाहुली गेली की त्या सेटची सगळी किंमत गेली. मारिओच्या जोडणीच्या सूचनाही मुख्यतः ॲपमध्येच आहेत, तेव्हा जुन्या फोनवर ॲप चालतंय का ते सेलचे पैसे घालण्याआधी बघा.

यातून बनवायचं काय

डायमेन्शन्सच्या कमानीतले बहुतेक तुकडे राखाडी आहेत. दिवाळीच्या किल्ल्याला महादरवाजा म्हणून ती फारशी न मोडता चालते. फक्त किल्ला मातीचा असेल तर दरवाजा फळीवर उभा करा. जांभ्याची लाल माती खाचांत गेली की ठोकळे घासतात आणि पकड जाते.

थर्माकोलच्या मखरावर 2018 पासून बंदी आहे, म्हणून ‘यंदा मखर लेगोचं’ अशी कल्पना निघते. हिशेब करा. 60 सेंटिमीटर रुंद आणि 45 सेंटिमीटर उंच अशी नुसती पाठची भिंत, दोन बाय चारच्या ठोकळ्यांची. एका थरात 19 ठोकळे, असे 47 थर. जवळपास 900 ठोकळे लागले, तेही सगळे मोठे. एका स्टार्टर सेटमध्ये उंदीरमामाचा चौथरा आणि दोन पायऱ्या होतील. तेवढ्या करा, आणि निरांजन हातभर लांब ठेवा. एबीएस पेटलं की काळा धूर सोडतं.

तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर हे तुकडे टेबलावरच राहू द्या. अंगणवाडीला द्यायचे असतील तर ड्युप्लोसारखे दुप्पट मापाचे द्या, नखाएवढे नकोत.

बिल आणि तक्रार

1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून बघता येतो. काकांनी दुबईहून आणलेल्या सेटवर ते नसणार, त्यात वावगं काही नाही. पण दुकानातल्या नव्या खोक्यावर नसेल तर घेऊ नका.

ऑनलाइन घेतलेल्या सेटमध्ये तुकडे कमी निघाले तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ आणि वजनाचा फोटो कामी येतो. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. नाही झालं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच. 2019 च्या कायद्याने तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेता गुरुग्रामचा असला तरी रत्नागिरीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. हे सगळं धंदा म्हणून विकणाऱ्याला लागू. शेजाऱ्याने मुलाचा जुना सेट आठशेला दिला आणि गँडाल्फची काठी निघाली नाही, तर आयोग तुमच्या कामाचा नाही. तेव्हा पैसे देण्याआधी सगळं टेबलावर ओतून बघा.