स्वस्ताई आणि आपली पिशवी



आजचा पाठ गणिताचाही आहे आणि घरखर्चाचाही. सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

मागच्या दिवाळीत मुलासाठी एक शर्ट घ्यायला गेले होते. किंमत ४५० रुपये. शेजारीच पाटी, "तीन शर्ट ९९९". मी लगेच हिशेब केला: तीनचे १३५० होतात, म्हणजे ३५१ रुपये वाचले! खूश होऊन घरी आले. पण पाकिटातून गेले किती? ४५० ऐवजी ९९९, म्हणजे ५४९ जास्त. ते पैसे मुलीच्या चष्म्यासाठी ठेवलेले होते. चष्मा पुढच्या पगारावर गेला आणि महिनाभर ती वर्गात पहिल्या बाकावर बसून फळा वाचत होती. तिसरा शर्ट अजून घडी न मोडता कपाटात पडून आहे.

गंमत बघा, माझी वजाबाकी चुकली नव्हती, मी वजाबाकीच चुकीच्या आकड्यातून केली होती. "किती वाचले" हे नेहमी आपण जे घ्यायला निघालो होतो, त्याच्या किमतीशी ताडून बघायचं.

आता शेकडेवारी. "५०% + २०% सूट" म्हणजे ७०% असं वर्गात जवळजवळ सगळेच सांगतात. करून बघूया. १००० रुपयांच्या वस्तूवर ५०% सूट, राहिले ५००. पुढची २०% सूट या ५०० वर, म्हणजे १००. द्यायचे ४००. एकूण सूट ६०% झाली. आणि "५०% पर्यंत सूट" या पाटीतला "पर्यंत" हा शब्द नेहमी बारीक अक्षरात का असतो, ते तुम्हीच ओळखा.

मोठा पुडा स्वस्तच पडतो, हाही एक समज. वर्गात मुलांना भागाकारासाठी दोन पुडे दिले: चहा पावडर १०० ग्रॅम ४८ रुपये, २५० ग्रॅम १२५ रुपये. पहिला ग्रॅमला ४८ पैसे, दुसरा ५० पैसे! मुलं दोनदा तपासून आली. हल्ली बऱ्याच पाकिटांवर एका ग्रॅमची किंवा मिलिलिटरची किंमत छापलेली असते, ती वाचायची सवय लावा. निव्वळ वजनही बघा. किंमत दहा रुपयेच राहते, आतला माल मात्र कमी होतो. आणि एमआरपी ही जास्तीत जास्त किंमत आहे, तीत सगळे कर धरलेले असतात. कुणी त्याहून जास्त मागितले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर लक्षात ठेवा.

आठवडी बाजाराचंही तसंच. संध्याकाळी बाजार उठायच्या वेळी भाजी स्वस्त मिळते, हे खरं. मेथीची जुडी २० ला, दोन घेतल्या तर ३०. घरात तीन माणसं असतील, तर दुसरी जुडी परवा पिवळी पडणार. फ्रीज नसेल तर उद्याच. (माझी आई मात्र दोन्ही घ्यायची आणि ठेपले करायची. ती तयारी असेल तर खुशाल घ्या!)

मी आता एक करते. यादी घरीच लिहिते आणि यादीबाहेरची वस्तू आवडली तर त्या दिवशी न घेता यादीच्या मागच्या बाजूला नोंदवून ठेवते. पुढच्या आठवड्यात त्यातल्या निम्म्या वस्तू मला आठवतसुद्धा नाहीत.

उपक्रम: घरातली तीन रिकामी पाकिटं आणा. प्रत्येकावरचं निव्वळ वजन आणि एमआरपी वहीत लिहा, १०० ग्रॅमची किंमत काढा आणि घरच्यांना दाखवून त्यांची सही घेऊन या.