जुनी ट्रॉली घेताना

चाकणजवळच्या एका गावातली ही गोष्ट. आबांकडे ट्रॅक्टर होता, पण ट्रॉली नव्हती. कांदा चाकणच्या बाजारात न्यायचा, तर दर वेळी भाड्याची ट्रॉली आणावी लागे. भाव पडला की भाडेही अंगावर येई. नवी ट्रॉली परवडेना. म्हणून आबांनी जुनी घ्यायचे ठरवले.

शेजारच्या गावात एक ट्रॉली विकाऊ होती. रंग नवा कोरा. आबा भुलले. विसार देणार, इतक्यात काकू म्हणाल्या, "अहो, थांबा. आधी नंबर वाचू."

काकू रात्रीच्या वर्गाला जात. त्यांनी सांगाड्यावर ठोकलेला नंबर फडक्याने पुसला. बोट ठेवून एकेक आकडा वाचला. आबांनी आर. सी. बुकातला नंबर वाचला. शेवटी इकडे ३, तर तिकडे ८!

मालक म्हणाला, "एका आकड्यानं काय होतंय?"

काकू म्हणाल्या, "भाऊ, आकडा दुसरा म्हणजे ट्रॉली दुसरी."

दोघे पैसे तसेच घेऊन घरी आले. महिन्याने दुसरी ट्रॉली मिळाली. तिचा नंबर जुळला. मग त्यांनी ती नीट तपासली.

काय तपासायचे?

रंगावर जाऊ नका. तळाचा पत्रा हातोडीने ठोकून बघा. गंजलेला पत्रा लगेच कळतो. आकड्याजवळचे जोड बघा. तिथे तडा असेल तर ट्रॉली घेऊ नका. चाक जॅकवर उचला, हाताने हलवा. चाक डुगडुगले किंवा फिरताना खरखरले, तर बेअरिंग गेले असे समजा.

कागद कसे करायचे?

ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरहून वेगळी असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर. टी. ओ. ला कळवायचे असते. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० भरतात. आर. सी. बुकात बँकेच्या कर्जाची नोंद असेल, तर कर्ज फिटल्याचे पत्र आधी मागा. विमाही आपल्या नावावर करून घ्या.

निगा कशी राखायची?

पावसाळ्यापूर्वी चाकाच्या हबात ग्रीस भरा. खत वाहिले की ट्रॉली त्याच दिवशी धुवा. खताने पत्रा सडतो. नट आवळा. हवा बघा. दोन चाकी ट्रॉलीत सारे ओझे मागे भरू नका. पुढचा आकडा वर उचलला जातो आणि ट्रॅक्टर हलका पडतो. ट्रॉली सोडण्याआधी चाकांना दगड लावा.

सर्वांत मोठी गोष्ट

आबांनी ट्रॉलीच्या मागे लाल दिवे आणि चमकणाऱ्या पट्ट्या लावल्या. शेजारी हसले, "शेतातल्या गाडीला नटवता कशाला?"

आबा म्हणाले, "रात्री पाळी सुटली की कारखान्यातली पोरं मोटारसायकलवर घरी येतात. माझाही पोरगा त्यांतच असतो. अंधारात उभी ट्रॉली त्याला दिसायला नको का?"

शेजारी गप्प झाले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याही ट्रॉलीला पट्ट्या लागल्या.

प्रश्न

१. काकूंनी ट्रॉली का घेऊ दिली नाही?
२. चाक हलवून काय कळते?
३. तुमच्या गावातल्या किती ट्रॉल्यांना मागे लाल पट्ट्या आहेत? मोजा आणि लिहा.