हुकूमनामा हाती आला, पुढे काय?

सभासद बंधूंनो,

या पानावर आपण नेहमी लागण, खत आणि पाणी यांवर बोलतो. या खेपेला विषय वेगळा आहे. गट ऑफिसात नोंदीला आलेले सभासद मधूनच विचारतात, "साहेब, कोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागलाय, पण पैसे काय मिळंनात." मी वकील नाही, पण यात लक्ष घातल्यावर जे समजले ते सांगतो.

आमच्या गटातील एका सभासदाने दोन ट्रॉल्यांसाठी एका वर्कशॉपला ८०,००० रुपये आगाऊ दिले. वर्कशॉप अडचणीत आले, ट्रॉल्या आल्याच नाहीत. दावा लावला, हुकूमनामा झाला. गड्याने पेढे वाटले आणि कागद ट्रंकेत ठेवला. आता कोर्टच पैसे आणून देईल असे त्याला वाटले. चार वर्षांनी चौकशी केली तर शेड बँकेने ताब्यात घेतलेले आणि लेथ मशीनच्या लिलावाची रक्कम दुसऱ्या दोघांनी वाटून घेतलेली! तोडलेला ऊस फडात पडला की रोज वजन घटते. बुडत्या धंद्यावरच्या हुकूमनाम्याचे तसेच आहे.

म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) दरखास्त आपणच द्यायची. कोर्ट आपणहून वसुली करीत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ मधील ऑर्डर २१ प्रमाणे दरखास्त द्यावी लागते. मुदत १२ वर्षांची आहे, पण तेवढी वाट पाहणे म्हणजे पैसे सोडून देणे. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले आहे. मात्र पाठपुरावा आपल्यालाच करावा लागतो.

२) देणेकरी कोण ते पाहा. एकट्या मालकाचा धंदा असेल तर त्याच्या खाजगी मालमत्तेवरही जाता येते. कंपनी असेल तर वसुली कंपनीच्या मालमत्तेतून होते. डायरेक्टरने जामीन दिला नसेल तर सहसा त्याच्या घराला हात लावता येत नाही. व्यवहार करतानाच पावतीवर नाव कोणाचे आहे ते वाचावे.

३) पैसा कुठे आहे ते शोधा. बेलीफला मालमत्ता दाखवावी लागते ती आपणच. माहिती नसेल तर मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र देण्याचा हुकूम कोर्टाकडून मागता येतो. तो न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. नुसती मशिनरी बघू नका. बँकेतील खाते आणि गिऱ्हाइकांकडून त्या धंद्याला येणे असलेली बिले यांवरही जप्ती आणता येते. जुन्या लेथपेक्षा येणे बिल बरे!

४) आपण एकटे नसतो. समजा, लिलावाचे खर्च वजा जाता ३ लाख रुपये कोर्टात जमा झाले. एकाचा हुकूमनामा २ लाखांचा, दुसऱ्याचा ४ लाखांचा. कलम ७३ प्रमाणे पहिल्याला १ लाख, दुसऱ्याला २ लाख. रक्कम जमा होण्यापूर्वी ज्याची त्या कोर्टात दरखास्त नाही, त्याला या वाटपात हिस्सा नाही. आमच्या सभासदाचे नेमके हेच झाले. मालमत्ता तारण असेल तर बँकेचा हक्क आधी.

५) कंपनी दिवाळखोरीत गेली तर दरखास्त थांबते. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेप्रमाणे न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला की वसुलीला स्थगिती लागते. अशा वेळी जाहीर नोटीस पाहून मुदतीत आपल्या येण्याचा दावा नोंदवावा. गप्प बसू नये.

६) तडजोडीचा विचार करा. धंदा अजून चालू असेल तर मशीन भंगारात विकण्यापेक्षा हप्ते बांधून घेतलेले पुष्कळदा परवडते. मात्र बाहेर घेतलेल्या हप्त्यांची व तडजोडीची नोंद कोर्टात झालीच पाहिजे, नाहीतर दरखास्तीत ती धरली जात नाही. "आत टाका त्याला" म्हणून भागत नाही. ज्याच्याजवळ खरोखरच नाही, त्याला केवळ देणे थकले म्हणून कैदेत घालता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात स्पष्ट केले.

बंधूंनो, हा कायदा दोन्ही बाजूंचा आहे. उद्या आपल्यावर वेळ आली तर शेतीची अवजारे, गरजेपुरती जनावरे आणि बियाणे यांना कलम ६० मुळे जप्तीपासून संरक्षण आहे. देणेकऱ्याला जगू द्यावे, पण आपल्या घामाचा पैसा ट्रंकेत कुजू देऊ नये.

ज्यांच्या घरी असा हुकूमनामा पडून असेल त्यांनी त्यावरची तारीख आजच पाहावी आणि वकिलाला भेटावे. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करावी. पात्र व्यक्तींना तेथे मोफत मदत मिळते.

— ऊस विकास अधिकारी